कौटुंबिक संग्रहातील जुनी पत्रे आणि स्वाक्षऱ्या : सूची कशी करावी आणि सह्या वेगळ्या काढाव्यात का?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. वाईजवळच्या आमच्या जुन्या घरात माझ्या चुलत आजोबांनी जमवलेला पत्रांचा आणि स्वाक्षऱ्यांचा एक संग्रह आहे. ते शाळेत शिक्षक होते आणि साधारण १९२० ते १९६० या काळात त्यांनी हा संग्रह वाढवत नेला. घर आता विकले जाणार असल्यामुळे दोन्ही ट्रंका माझ्याकडे आल्या आहेत.

पहिल्या ट्रंकेत जाड सुती रुमालात बांधलेले मोडी कागद आहेत. त्या रुमालात सुतळीने बांधलेली लहान लहान पुडकी असून काहींवर आजोबांच्या अक्षरात गावाचे किंवा घराण्याचे नाव आहे. दुसऱ्या ट्रंकेत सुमारे तीनशे पत्रे आणि पोस्टकार्डे आहेत. त्यांपैकी काही लेखकांची, संपादकांची आणि स्वातंत्र्यचळवळीतील कार्यकर्त्यांची आहेत, पण बहुतेक पत्रे लिहिणाऱ्यांची नावे मला अजिबात ओळखीची नाहीत. याच ट्रंकेत दोन स्वाक्षरीवह्या आहेत. एका वहीत लोकांनी स्वतः सह्या आणि संदेश लिहिले आहेत, तर दुसरीत कोणत्या तरी पत्रांतून कापून घेतलेल्या सह्या डिंकाने चिकटवल्या आहेत.

एका व्यापाऱ्याने केवळ नामवंतांच्या सह्या असलेले कागद विकत घेण्याची तयारी दाखवली आहे. घरातील काहींचे मत असे की सह्यांचे कागद काढून त्यांचा एक चांगला अल्बम करावा आणि उरलेले एखाद्या संस्थेला देऊन टाकावेत. मोडी कागदांवर तर मला एकही सही दिसत नाही, त्यामुळे ते किती महत्त्वाचे आहेत याचा अंदाज येत नाही. विक्रीचा निर्णय मी अजून घेतलेला नाही. त्याआधी सूची व्हावी अशी इच्छा आहे, परंतु ती नावांनुसार करावी, तारखांनुसार करावी की विषयांनुसार, हे ठरवता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : दफ्तरदार

नमस्कार. सूची होईपर्यंत एकही कागद त्याच्या जागेवरून कायमचा हलवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. नावांनुसार, तारखांनुसार की विषयांनुसार, हा प्रश्न कागद रचण्याचा नसून नोंदी शोधण्याचा आहे. कागद ज्या क्रमाने आणि ज्या सोबतीने सापडले त्याच क्रमाने राहू द्यावेत, आणि नावांची, तारखांची, विषयांची जुळणी संगणकावरील तक्त्यात करावी. तो तक्ता हवा तेव्हा हवा तसा फिरवता येतो. एकदा विस्कटलेले पुडके मात्र पुन्हा कोणालाही जुळवता येत नाही.

याचे कारण थोडे विस्ताराने सांगतो. एखाद्या पुडक्यात आठ कागद असतील आणि त्यांपैकी एकावरच ओळखीचे नाव असेल, तर उरलेले सात कागद त्या एकाचे साक्षीदार असतात. एकात उत्तराचा मसुदा असतो, एकात त्याच प्रकरणातील खर्चाची याद असते, तर एखादी निनावी चिठी त्याच दिवसांतील निघते. तो एक कागद बाहेर काढला की तो कोणाला, कशासाठी आणि कशाच्या उत्तरादाखल लिहिला हे सांगणारे कोणी उरत नाही. रुमाल आणि पुडके ही पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रूढ व्यवस्था आहे आणि तेथील कागदांचा आधार देताना अभ्यासक आजही रुमाल क्रमांक आणि पुडके क्रमांक लिहितात. आपल्या आजोबांनी घराण्यांची नावे लिहून पुडकी बांधली आहेत, म्हणजे कोणते कागद कोणत्या घरातून मिळाले याची नोंद त्यांनी गाठींच्या रूपाने करून ठेवलेली आहे. पुडक्यावरील त्यांची अक्षरे, सुतळीत अडकवलेली एखादी चिठी, हे सर्व संग्रहाचाच भाग समजावे. पुडके उघडण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे आणि उघडल्यावर कागद ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने त्यांना क्रमांक द्यावेत.

आता मोडी कागदांवरील न दिसणाऱ्या सह्यांविषयी. मराठेशाहीतील पत्रांत आजच्यासारखी शेवटी सही करण्याची पद्धतच नव्हती. पाठवणाऱ्याचे नाव मायन्यात येते, म्हणजे ज्याला पत्र लिहिले त्याच्या नावानंतर ‘पोष्य’ किंवा ‘सेवक’ अशा शब्दापाठोपाठ लिहिणाऱ्याचे नाव आणि मग ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती’. दोघांच्या नात्याचा आणि दर्जाचा अंदाजही मायन्यावरूनच येतो. धाकट्याला ‘चिरंजीव’, वडीलधाऱ्याला ‘तीर्थरूप’, बरोबरीच्या सरदाराला ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ आणि धन्याला ‘स्वामींचे सेवेसी’ असे लिहिले जाई. पत्राचा मजकूर कारकून लिहीत असे आणि पत्र अस्सल असल्याची खूण शिक्क्याने पटत असे. शेवटी मोर्तब, म्हणजे मजकूर संपल्याची लहान मुद्रा, उमटवले जाई. शिवकालीन पत्रांवर ते ‘मर्यादेयं विराजते’ असे आढळते, तर पेशव्यांच्या पत्रांवर ‘लेखनसीमा’ असे. अनेकदा कारकुनाच्या वळणदार मजकुरानंतर शेवटचे तीन-चार शब्द निराळ्या, घाईच्या अक्षरात दिसतात. ते स्वदस्तुराचे, म्हणजे पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या हातचे असण्याची शक्यता असते. स्वाक्षरी म्हणून जे शोधायचे ते या कागदांत तेथे असते. केवळ सही पाहून निवड करणाऱ्याच्या हातून नेमके हेच कागद रद्दीत जातात.

आपण वाईजवळचे आहात म्हणून मुद्दाम आठवण देतो. इतिहासाचार्य राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला, तो वाईस मिळालेल्या पत्रांवर उभा राहिला होता आणि पानिपतच्या मोहिमेचे चित्र त्या पत्रांनी पालटून टाकले. ती पत्रे एका घराने ठेवली होती म्हणून आपल्याला मिळाली. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन घराण्याच्या पत्रांवर आयुष्य वेचले आणि पत्रे तारीखवार लावून त्यांच्यामधील दुवे स्वतःच्या निवेदनाने जोडून दाखवले. एकेका पत्रात फारसे काही नसले तरी शेकडो पत्रे ओळीने वाचली म्हणजे मोहीम, कर्ज, दुष्काळ, घरातील आजारपण हे सारे उभे राहते, हे त्या कामाने सिद्ध झाले.

सूचीतील नोंद कशी असावी? प्रत्येक कागदाला एक कायमचा क्रमांक द्यावा, ज्यात ट्रंक, पुडके आणि कागद या तिन्हींचा अंक येईल. कागदाच्या मागच्या बाजूस खालच्या कोपऱ्यात तो मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावा. शाईने लिहू नये आणि चिकटपट्टीही लावू नये. नोंदीत लिहिणारा, ज्यास लिहिले तो, ठिकाण, पत्रातील मिती जशीच्या तशी आणि तिच्यापुढे चौकटी कंसात आजच्या कालगणनेतील दिनांक, लिपी, भाषा, पानांची संख्या, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, अस्सल की नक्कल, शिक्का आहे की नाही आणि कागदाची अवस्था या बाबी असाव्यात. त्यानंतर दोन-तीन वाक्यांत पत्राचा आशय लिहावा आणि त्यात आलेल्या व्यक्तींची व गावांची नावे स्वतंत्र रकान्यात घ्यावीत. जे अनुमानाने लिहिले ते चौकटी कंसात आणि जे वाचता आले नाही तेथे टिंबे, हा नियम पहिल्या नोंदीपासून पाळावा, कारण पुढे वाचणाऱ्याला कागद काय सांगतो आणि सूचीकार काय म्हणतो हे वेगळे दिसले पाहिजे. पहिली ओळ आणि शेवटची ओळ शब्दशः उतरवून घेतल्यास तुटलेल्या पत्राचा दुसरा तुकडा पुढे सापडला तर जुळवता येतो.

मागची बाजू विसरू नये. जुन्या पत्रांवर पत्र पोहोचल्याची, म्हणजे पैवस्तीची नोंद असते आणि विसाव्या शतकातील पत्रांवर ‘उत्तर दिले’ असे पत्र मिळालेल्याने लिहिलेले असते. पत्र किती दिवसांत पोहोचले, त्याची दखल घेतली गेली की नाही, हे या दोन शब्दांवरून कळते.

उत्तर : जुन्नरी कागद

वरील मार्गदर्शनाशी मी पूर्ण सहमत आहे. मी फक्त कागदांच्या प्रकृतीविषयी लिहितो, कारण सूची करताना प्रत्येक कागद हाताळला जातो आणि बरेचसे नुकसान त्याच वेळी होते.

आपल्याला नवल वाटेल, परंतु अठराव्या शतकातील मोडी कागद बहुधा आजोबांच्या पत्रांपेक्षा अधिक सुदृढ निघतील. हातकागद चिंध्यांच्या किंवा तागाच्या लांब तंतूंचा असतो आणि काजळीची शाई प्रकाशाने विटत नाही. मात्र ती पाण्याने पसरते, म्हणून ओलसर बोळ्याने कागद पुसण्याचा मोह टाळावा. याउलट विसाव्या शतकातील गिरणीचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा आणि आम्लयुक्त असतो, त्यामुळे तो पिवळा पडून घडीवर तुटतो. त्या काळातील निळ्या-काळ्या शाईत लोहाचे क्षार असल्यास अक्षरांच्या जागी कागद तपकिरी होतो आणि कधी कधी अक्षराच्या आकाराचे छिद्रच पडते. जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेले पोस्टकार्ड तर घामेजल्या बोटानेही डागाळते. म्हणून छायाचित्रणाचे काम दुसऱ्या ट्रंकेपासून सुरू करावे असे मी सुचवतो, जरी आपले लक्ष साहजिकच मोडीकडे जाईल.

टाचण्या, स्टेपल आणि लोखंडी क्लिपा प्रथम काढाव्यात, पण कोणते कागद एकत्र टाचलेले होते ते नोंदवून मगच. गंजाने चिकटलेली टाचणी ओढू नये. मागील बाजूने तिचे टोक हलके सरळ करून काढावी. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नये, कारण त्याचा गोंद काही वर्षांत कागदात मुरतो आणि तो डाग जात नाही. लॅमिनेशन तर कोणत्याही परिस्थितीत करू नये. एके काळी आपल्याकडील अभिलेखागारांतही सेल्युलोज ॲसिटेटचे पातळ आवरण लावण्याची पद्धत प्रचलित होती, परंतु आज ती टाळली जाते, कारण एकदा लावलेले आवरण कागदाला इजा न करता काढणे फार कठीण असते. अल्बमचा विचार मी याच कारणाने सोडून द्यायला सांगेन. बाजारातील बहुतेक अल्बमांचे प्लास्टिक पीव्हीसीचे असते आणि त्यातून निघणारे आम्ल शाई आणि कागद दोन्ही खाते. आम्लविरहित कागदाच्या घड्या करून त्यांत पत्रे आडवी ठेवावीत, त्या घड्या पुठ्ठ्याच्या आम्लविरहित पेटीत ठेवाव्यात आणि पेटी जमिनीपासून उंच, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावी. कोकणातून किंवा घाटमाथ्यावरून आलेल्या कागदांत कसर आणि वाळवी असण्याची शक्यता गृहीत धरून नवी पेटी जुन्या ट्रंकेशेजारी ठेवू नये. वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवण्याची घरोघरची पद्धत आहे, परंतु पाला थेट कागदांत ठेवल्यास त्याचे डाग पडतात. त्याची पुरचुंडी पेटीबाहेर ठेवावी.

मूळ सुती रुमाल मात्र टाकू नये. धुऊन पूर्ण वाळवून तो पेटीवर बांधण्यासाठी पुन्हा वापरता येतो आणि धूळ अडवण्यात त्याच्याइतके साधे साधन नाही.

उत्तर : स्वाक्षरीसंग्राहक

मी अनेक वर्षे स्वाक्षऱ्या जमवतो, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. स्वाक्षरीवही हा पत्रांच्या तुलनेत कमी दर्जाचा ऐवज आहे असे कोणी समजू नये. ज्या वहीत लोकांनी स्वतः संदेश लिहिले आहेत ती वही म्हणजे तिच्या मालकाच्या भेटीगाठींची रोजनिशीच असते. कोणत्या वर्षी कोण कोणत्या गावी व्याख्यानाला आले होते हे पानांच्या क्रमावरून आणि तारखांवरून कळते आणि काही वेळा वर्तमानपत्रांत न आलेल्या दौऱ्याचा एकमेव पुरावा तेवढाच असतो. म्हणून वहीतील पाने सुटी करू नयेत. कोरी पानेसुद्धा क्रमांकात धरावीत. प्रत्येक पानाची नोंद करताना सही कोणाची एवढेच न लिहिता संदेशाची पूर्ण नक्कल, लिपी, शाईचा रंग आणि तारीख लिहावी. गांधीजी हरिजन फंडासाठी स्वाक्षरीमागे पाच रुपये घेत असत, हे प्रसिद्ध आहे. आपल्या वहीत तशी सही असेल तर तिच्या आसपासच्या पानांवर एखाद्या सभेची किंवा निधीची टीप आहे का ते पाहावे.

कापून चिकटवलेल्या सह्यांची वही पाहून मन विषण्ण होते, पण ती पद्धत त्या काळी सर्वत्र रूढ होती आणि युरोपातील संग्राहकांनी तर एकोणिसाव्या शतकात असंख्य पत्रांचे असे तुकडे केले. त्या सह्या डिंकापासून सोडवण्याचा प्रयत्न घरी करू नये. मात्र एक महत्त्वाची गोष्ट अवश्य करावी. पान उजेडासमोर धरून प्रत्येक तुकड्याच्या मागच्या बाजूचा मजकूर दिसतो का ते पाहावे. मागच्या पानावरील अर्धवट ओळी त्यावर असतात आणि ज्या पत्राच्या खालचा भाग कापलेला आहे असे एखादे पत्र दुसऱ्या ट्रंकेतच पडलेले असू शकते. ओळी, कागदाचा रंग आणि कापल्याची रेषा जुळली तर निनावी पत्राला त्याचा लेखक परत मिळतो. प्रत्यक्षात तुकडा पत्राला चिकटवायचा नाही. दोन्ही नोंदींत एकमेकांचे क्रमांक लिहिले की पुरे.

खरेपणाच्या तपासणीविषयी. सहीचा आकार मिळतो का, हे लोक पहिल्यांदा पाहतात आणि माझ्या मते ते सर्वांत शेवटी पाहावे, कारण बनावट सही करणाराही नेमके तेच साधतो. आधी साधन पाहावे. बॉलपेन १९४० च्या दशकात बाजारात आले, तेव्हा १९२० मध्ये निवर्तलेल्या लोकमान्य टिळकांची बॉलपेनने केलेली सही असूच शकत नाही. भिंगाखाली सही बारीक ठिपक्यांची बनलेली दिसली तर ती छापील ठशाची आहे. कागदावर पेनाचा दाब आणि जेथे रेषा एकमेकींना छेदतात तेथे शाईचा साठा दिसला पाहिजे. अतिनील प्रकाशाच्या लहान दिव्याखाली कागद झगझगीत निळसर पांढरा दिसला तर त्यात चकाकी आणणारी रसायने आहेत आणि ती कागदात साधारण १९५० पासून येऊ लागली, म्हणून १९१५ सालचे म्हणून दाखवलेले पत्र असे चमकले तर त्याचा विचार सोडावा. यानंतर लेखनाची गती पाहावी. अस्सल सही वेगात केलेली असते, तर नक्कल करणाऱ्याचा हात मधेच थबकतो आणि रेषा थरथरते. प्रसिद्ध व्यक्तींची पुष्कळ पत्रे चिटणिसाने लिहिलेली आणि त्यांनी फक्त सही केलेली असतात. त्यामुळे ‘मजकूर लेखनिकाचा, सही स्वहस्ते’ अशी नोंद करावी आणि खात्री नसेल तेथे ‘सही अमुक यांची असल्याचे दिसते’ एवढेच म्हणावे.

व्यापाऱ्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. जो केवळ नामवंतांचे कागद मागतो त्याला आपण सूची पूर्ण होण्यापूर्वी काहीही दाखवू नये. पत्र त्याच्या पाकिटासह, उत्तरासह आणि कोणाकडून कसे आले या माहितीसह असेल तेव्हाच त्याच्या अस्सलपणावर विश्वास बसतो. म्हणजे निव्वळ बाजाराच्या दृष्टीने पाहिले तरी संग्रह फोडण्यात तोटाच आहे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अल्बमचा विचार आम्ही सोडला आहे. वाचनासाठी एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांची मदत घेतली आणि पहिल्या पुडक्यातील काही कागदांचे लिप्यंतर झाले. एका पत्रावर ‘छ १५ सफर, सन सलास सितैन मया व अलफ’ अशी मिती आहे. वर्ष कसे काढावे? दुसरा प्रश्न पोस्टकार्डांचा. अनेकांवर ‘आश्विन वद्य ३, सोमवार’ अशी तिथी आहे, पण शक नाही आणि पोस्टाचा शिक्का पुसट आहे. अशा कार्डांना तारीख द्यावी की न द्यावी?

उत्तर : दफ्तरदार

मोडी पत्रातील वर्ष शुहूर सनाचे आहे, ज्यास अरबी सन असेही म्हणतात. त्याचे अंक अरबी शब्दांत आणि एकम् स्थानापासून उलट लिहिले जातात : सलास म्हणजे तीन, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. एकूण ११६३ झाले. या सनाचे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा सुरू होते, म्हणून तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवावेत. आपल्या पत्राचे वर्ष त्यामुळे १७६२-६३ येते. महिना मात्र हिजरी चांद्र असतो आणि ‘छ’ ही त्यातील चंद्राच्या तारखेची खूण आहे. त्या वर्षी सफर महिना ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू झाला, तेव्हा १५ सफर सप्टेंबर १७६२ च्या पहिल्या आठवड्याच्या आसपास पडतो. नेमका दिवस जंत्री, म्हणजे निरनिराळ्या कालगणनांच्या तारखांचा मेळ देणारे कोष्टक, पाहून ठरवावा आणि नोंदीत आधी मूळ मिती, मग कंसात दिनांक लिहावा. चंद्रदर्शनामुळे एका दिवसाचा फरक पडू शकतो. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे मृगाच्या सीमेवरील एखादी चांद्र तारीख एकाच शुहूर वर्षात दोनदा येते, तेथे विशेष जपावे लागते. पडताळा म्हणून पानिपतचे वर्ष घ्यावे : इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे ११६१ आणि युद्ध जानेवारीत झाले म्हणून ६०० मिळवले की १७६१ येते.

आपले पत्र ज्या महिन्याचे दिसते त्या सुमारास थोरले माधवराव आणि रघुनाथराव यांच्यातील वितुष्ट विकोपास गेले होते आणि नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगाव येथे माधवरावांना काकांच्या स्वाधीन व्हावे लागले. पत्रात फौजेची जमवाजमव, कर्जाची निकड किंवा एखाद्या सरदाराच्या हालचालीचा ओझरता उल्लेख असला तरी तो अभ्यासकांना मोलाचा वाटेल. म्हणून या पुडक्यातील आशय थोडा विस्ताराने लिहावा आणि हिशेबाच्या यादीही गाळू नयेत. इतर कालगणनाही आपल्याला भेटतील अशी कल्पना कोणी देईल, पण व्यवहारात शालिवाहन शक, शुहूर, फसली (महसुली वर्ष) आणि क्वचित राज्याभिषेक शक या चारच गणना बहुतेक कागदांना पुरतात. शालिवाहन शकात ७८ मिळवावेत, जानेवारीपासून चैत्रापर्यंत ७९. फसलीत आपल्याकडे ५९० मिळवतात. राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, ६ जून १६७४ पासून मोजतात.

पोस्टकार्डांना तारीख अवश्य द्यावी, पण कंसात आणि आधार सांगून. कार्डावर छापलेल्या तिकिटावर कोणत्या राजाची मुद्रा आहे ते पाहावे. पंचम जॉर्जची असेल तर कार्ड १९११ नंतरचे. अशोकस्तंभाची असेल तर स्वातंत्र्यानंतरचे. किंमत आण्यांत आहे की नव्या पैशांत, हेही पाहावे, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. पत्त्यात पिन कोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीचे नाही. एवढ्याने जो पंधरा-वीस वर्षांचा पट्टा उरतो त्यात ‘आश्विन वद्य ३’ सोमवारी कोणत्या वर्षी होती ते जुन्या पंचांगांतून काढावे. साधारण दोन-तीन वर्षे निघतात आणि मजकुरातील एखादे लग्न, निवडणूक किंवा बदली त्यांतून एक निवडून देते. पुसट शिक्क्याचे छायाचित्र तिरप्या प्रकाशात घेऊन संगणकावर गडद करून पाहावे. निदान टपाल कार्यालयाचे नाव बहुधा वाचता येते.

उत्तर : कलमबहाद्दर

कायद्याची बाजू राहिली आहे, ती थोडक्यात मांडतो. पत्राचा कागद ज्याला ते मिळाले त्याच्या मालकीचा असतो, परंतु मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो. भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो आणि ती वर्षे मृत्यूच्या पुढील कॅलेंडर वर्षापासून मोजतात. १९७० मध्ये निधन झालेल्या लेखकाच्या लेखनाचा हक्क त्यामुळे २०३० च्या अखेरपर्यंत राहील. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध न झालेल्या लेखनाला मात्र प्रथम प्रसिद्धीपासून ६० वर्षे मोजली जातात आणि खासगी पत्रे बहुधा याच प्रकारात येतात. म्हणून सूची आणि सारांश संकेतस्थळावर ठेवायला हरकत नाही, पण विसाव्या शतकातील पत्रांची पूर्ण छायाचित्रे ठेवण्यापूर्वी वारसांची लेखी संमती घ्यावी. आजारपण, कर्ज, घरगुती वाद यांचा उल्लेख असलेली पत्रे, संबंधित माणसे किंवा त्यांची मुले हयात असतील तर, कायद्याने अडत नसले तरी काही वर्षे बंद ठेवावीत.

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेली किमान ७५ वर्षे जुनी हस्तलिखिते आणि दस्तऐवज पुरावशेष ठरतात आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशी लिलावात पाठवू म्हणणाऱ्या मध्यस्थास एवढे सांगितले तरी पुरते.

संग्रह कोठे द्यावा, याविषयी माझे मत वरील दोघांहून थोडे वेगळे आहे. सूची पूर्ण होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करत आले आहे. धुळ्यास राजवाडे संशोधन मंदिर आहे. शासनाच्या पुराभिलेख विभागाची दफ्तरे मुंबई, पुणे, कोल्हापूर अशा ठिकाणी आहेत. या विभागातर्फे आणि मंडळातर्फे मोडीचे वर्गही चालतात, त्यामुळे आपल्याला वाचनासाठी माणसेही तेथेच मिळतील. गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे शंभर खंड होऊ शकले, ते गावोगावच्या साध्या माणसांनी जपलेली पत्रे किंवा त्यांच्या नकला संपादकांना दिल्या म्हणून. मूळ कागद घरी ठेवायचे असतील तरी उत्तम प्रतीची छायाचित्रे संस्थेला आताच द्यावीत. किमान ४०० डीपीआय, मागची बाजू, पाकीट आणि मोजपट्टी यांसह ती घ्यावीत.

मूळ कागद देणार असाल तर दानपत्रात काही गोष्टी लिहून घ्याव्यात : संग्रह आजोबांच्या नावाने एकत्र राहील, पुडक्यांचा मूळ क्रम मोडला जाणार नाही, आपण दिलेले क्रमांक संस्थेच्या नव्या क्रमांकांसोबत नोंदले जातील आणि कुटुंबाला छायाचित्रांची प्रत मिळेल. दोन्ही स्वाक्षरीवह्या त्याच दानपत्रात घालाव्यात, कारण कापलेल्या सह्यांच्या वहीचे जोडीदार कागद ट्रंकेत असण्याची शक्यता वर सांगितलीच आहे आणि वही एका शहरात व पत्रे दुसऱ्या शहरात गेली तर ती जुळणी पुढे कोणालाही करता येणार नाही.

कृष्णाकाठ

दानपत्राचा मसुदा घरातील सर्वांसमोर ठेवतो. त्याआधी दुसऱ्या ट्रंकेतील, खालचा भाग कापलेली पत्रे वेगळी न काढता जागेवरच नोंदवून घेत आहे. अशी पत्रे बरीच आहेत. एका पत्राच्या मागील ओळी वहीतील तुकड्याशी जुळताना दिसतात. दोन्हींची छायाचित्रे घेतल्यावर येथे मांडतो, म्हणजे जुळणी बरोबर आहे की नाही हे आपण सर्वांनी पाहून सांगावे.